हरवलेल्या नमुन्याची सभा

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत बाकी महाराष्ट्रात लग्नांचे मांडव पडत होते आणि आमच्या अमरावतीला मात्र पुन्हा लॉकडाऊन लागला. लोक आजाराला घाबरले त्यापेक्षा ‘आपणच कावून, आपणच का?’ या प्रश्नाने जास्त चिडले. कुणी म्हणायचं, रिपोर्टच खोटे आहेत. कुणी म्हणायचं, सरकारनं दिवाळीपासूनच कडक राहायला हवं होतं. टपऱ्या बंद होत्या, त्यामुळे हे सगळे वाद घराघरांत शिरले.

आमच्या घरात तर वकीलच होते. वडिलांनी चाळीस वर्षं अकोल्याच्या कोर्टात काढली आणि आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले. त्यांचं मत ठाम होतं. “जानेवारीत ग्रामपंचायतीच्या निवडणुका घेतल्या. तेव्हा रांगा चालल्या. आता माणसानं कोथिंबीर विकली की कोरोना होतो का?” मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या हातात ऑक्सिमीटर आणि ताप बघायची ती बंदूक देऊन सरकारनं मला घरोघर पाठवलं होतं. त्यामुळे ते बोलायचे आणि मी ऐकून घ्यायचे.

मला दिलेलं गाव बडनेऱ्यापासून जवळच होतं. भाजी आणि फुलं पिकवणाऱ्यांची घरं. बाजार एका संध्याकाळच्या सूचनेवर बंद झाला होता आणि तोडून ठेवलेली वांगी, मेथी अंगणातच पडून होती. पहिल्या दिवशी बहुतेक दारं आमच्यासाठी उघडलीच नाहीत. यंत्रात बोट घातलं की गाडी येऊन माणसाला उचलून नेते, असं गावात पसरलं होतं.

एक दार उघडलं ते पन्नाशीतल्या एका बाईंनी. मी त्यांना मावशी म्हणू लागले. त्यांचे मालक ओसरीवर गोधडी पांघरून बसले होते, अंगात ताप होता. मी त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा तसा बरा होता, पण ताप तीन दिवसांचा होता.

“मावशी, यांना तपासणीला न्या. तिथंच दोन दिवस ठेवतात. रिपोर्ट आला की कळेल.”

“दोनच दिवस न मॅडम?”

“दोनच दिवस.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आत जाऊन मालकांची पिशवी भरली आणि पुतण्याच्या मोटरसायकलवर त्यांना पाठवून दिलं. माझ्या एका शब्दावर.

दोन दिवसांचे चार झाले. मी फोन करत राहिले. ‘रिपोर्ट यायचा आहे’ एवढंच उत्तर मिळे. तिकडे एका वसतिगृहात संशयित म्हणून आणलेली माणसं एकाच मोठ्या खोलीत झोपत होती. त्यांतली काही आजारी होती, काही नव्हती. आठव्या दिवशी कळलं की मावशींच्या मालकांचा नमुना प्रयोगशाळेपर्यंत पोचलाच नव्हता. नवीन नमुना घेतला, तो पॉझिटिव्ह आला, आणि त्याच संध्याकाळी त्यांना श्वास पुरेना. अमरावतीत बेड नव्हता. रुग्णवाहिका मूर्तिजापूरवरून अकोल्याला गेली, तिथं त्यांना ऑक्सिजन लागला. घरातून गेले तेव्हा त्यांना हा आजार होता की त्या खोलीत लागला, हे आजही कुणी सांगू शकत नाही.

त्यानंतर गावानं दारं लावली ती लावलीच. सर्वेक्षण नाही, तपासणी नाही. मावशींच्या पलीकडच्या दोन घरांत माणसं खोकत होती, पण बाहेर कुणी बोलत नव्हतं. मी रस्त्यावर उभी राहून हाका मारायचे आणि परत यायचे.

शेवटी आमच्या भागाच्या अधिकाऱ्यांनी शाळेच्या मैदानात सभा बोलावली. आम्ही शिक्षकांनी सकाळीच चुन्याचे गोल आखले, एका गोलात एक माणूस. वडील म्हणाले, मीही येणार. त्यांनी लॉकडाऊनविरुद्ध चार पानी निवेदन लिहून काढलं होतं.

“बाबा, साहेब काय म्हणतील?” मी वाटेत विचारलं.

“काही नाही. ‘चौकशी सुरू आहे’ म्हणतील. खुर्चीवरचा माणूस साक्षीदारांसमोर चूक कबूल करत नसतो. हा कायदा नाही, माणसाचा स्वभाव आहे.”

सभेत आधी तेच सगळं झालं. निवडणूक तेव्हा कशी चालली? बाजार एका रात्रीत का बंद केला? वांग्यांचं काय करायचं? मास्कच्या आतून सगळे एकदम बोलत होते. अधिकारी चाळिशीचे असतील. उत्तरं देत होते, पण ती छापील वाटत होती. गाव ऐकत नव्हतं.

मग मावशी गोलातून एक पाऊल पुढे आल्या. आवाज चढवला नाही.

“साहेब, बाजाराचं मंग बोलू. माह्या मालकाचा नमुना कुठं गेला, थे सांगा.”

साहेबांच्या शेजारचे कारकून वाकून त्यांच्या कानात काही बोलू लागले. साहेबांनी त्यांना हातानंच थांबवलं, पुढ्यातली फाईल मिटली आणि ते उठून उभे राहिले.

“ताई, तुमच्या मालकांचा नमुना आमच्याकडून हरवला. डब्यावर नाव लिहिलं गेलं नाही. ही आमची चूक आहे. मी इथला प्रमुख आहे, म्हणजे माझी आहे. त्यांना बऱ्या लोकांसोबत ठेवायला हवं होतं की आजारी लोकांसोबत, हेही आम्हाला ठरवता आलं नाही.”

एवढंच. त्यात ‘परंतु’ नव्हतं. मी वडिलांकडे बघितलं. निवेदनाची पानं त्यांच्या हातात होती आणि ते डोळे मोठे करून त्या माणसाकडे बघत होते. शाळेत, कुठल्याही कचेरीत मी असं कधी ऐकलं नव्हतं. आता गाव याला काय करेल, असं मला वाटलं.

मावशींनी डोक्यावरचा पदर पुन्हा नीट केला.

“झाली न चूक,” त्या म्हणाल्या. “तुमी कबूल केली. मंग आता उद्यापासून काय करता, थे सांगा.”

साहेब म्हणाले, “तुम्हीच सांगा.”

आणि मावशींनी सांगितलं. नमुना घेतला की आमच्यासमोर नाव लिहा, अन् त्याच नंबरची चिठ्ठी आमच्या हाती द्या. रिपोर्ट आला की याच शाळेत येऊन सांगा, फोनवर नाही. रिपोर्ट येईपर्यंत माणूस घरीच वेगळ्या खोलीत राहील. ज्याच्या घरी दुसरी खोली नाही, त्याला शाळेतली खोली द्या. बाजार बंदच ठेवायचा असेल तर ठेवा, पण आमच्या भाजीच्या गाड्या शहरात वॉर्डावॉर्डांत जाऊ द्या. कोणत्या वॉर्डात कोण जाईल ते आम्ही ठरवतो. शाळेचं तोंड न पाहिलेली ती बाई बोलत होती आणि अधिकारी उभ्या उभ्या लिहून घेत होते. मध्येच ते “थांबा ताई, चिठ्ठीचं पुन्हा सांगा,” म्हणाले, तेव्हा कुणीही हसलं नाही.

बोलून झाल्यावर मावशी चालत माझ्या टेबलापाशी आल्या आणि बोट पुढे केलं. “घ्या मॅडम. पयले माहं.”

मी ऑक्सिमीटर त्यांच्या बोटाला लावला. त्यांच्यामागे एक म्हातारे उभे राहिले, मग एक सून, मग त्या खोकणाऱ्या घरांतले दोघे. दुपारपर्यंत निम्मं गाव तपासून झालं.

ती व्यवस्था काही सोन्यासारखी चालली नाही. चिठ्ठ्या दोनदा संपल्या, एकदा रिपोर्ट सांगायला कुणी आलंच नाही. पण दारं पुन्हा बंद झाली नाहीत. एप्रिलमध्ये खरी लाट आली तेव्हा त्या गावातली माणसं वेळेत दवाखान्यात पोचली. सगळी वाचली नाहीत. अधिकाऱ्यांची पुढे बदली झाली. का झाली ते मला माहीत नाही. वडिलांनी आपलं निवेदन दिलं, त्याला उत्तर आलं नाही. लॉकडाऊन चूकच होता, असं ते अजूनही म्हणतात. फक्त त्या सभेचा विषय निघाला की आवाज खाली आणतात आणि म्हणतात, “एवढ्या वर्षांत अशी चूक कबूल करणारा साहेब पाहिला नाही. आणि ती ऐकून ‘उद्यापासून काय करता’ विचारणारी बाई तर मुळीच नाही.”

मावशींचे मालक तीन आठवड्यांनी अकोल्याहून परतले. जिवंत, पण धाप लागायची. ओलिताचं काम आता मावशीच बघतात. मी मेमध्ये त्यांच्या वावरात गेले. बरेच दिवस जायचा धीर होत नव्हता. त्या पालकाच्या वाफ्यात पाणी वळवत होत्या.

मी म्हटलं, “मावशी, दोन दिवस असं मी सांगितलं होतं. चूक माझीही आहे.”

त्यांनी फावडं टेकवलं. “तुमी नसतं सांगतलं त मी त्याईले धाडलंच नसतं. मंग काय झालं असतं, कोणाले मालूम. बरं झालं असतं का वाईट, थे नका उकरू.” मग बांधालगतच्या, पाणी नेणाऱ्या दांडाकडे हात केला. “थो दांड फोडा जरा, पाणी तिकडं जाऊन नाई राह्यलं.”

मी चप्पल काढून चिखलात उतरले. दांड फोडायला मला तीनदा प्रयत्न करावा लागला.