मी कापलेली वर्तमानपत्रं

बाईंच्या घरी मी अकरा वर्षं कामाला होते. आधी फक्त स्वयंपाक आणि झाडलोट, आणि शेवटची चार वर्षं त्याच्या जोडीला कात्रणं. बाई कॉलेजात वर्तमानपत्रांचा विषय शिकवायच्या. पेपर कोण काढतं, कोणाच्या जिवावर चालतो, त्यात काय छापतात आणि काय छापत नाहीत, असा तो विषय. निवृत्त झाल्यावरही त्यांचं काम सुटलं नव्हतं. गंगापूर रोडच्या त्या घरात त्या एकट्या राहायच्या. मी सकाळी आठला जायचे आणि दिवे लागायच्या आत घरी परतायचे.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मराठी वाचते, सावकाश. इंग्रजी आकडे कळतात, अक्षरं नाही. चार माणसांत मला बोलता येत नाही. दुकानात उभी राहिले तर मागून आलेली माणसं सामान घेऊन निघून जातात आणि मी तिथंच. बाईंना हे चालायचं. त्या म्हणायच्या, तू घरात आहेस ते फोडणीच्या वासावरून कळतं.

बाईंचे डोळे अधू व्हायला लागले तेव्हा त्यांनी मला कात्रणं शिकवली. सकाळी तीन मराठी पेपर यायचे. त्या भिंग लावून वाचायच्या, हवी ती बातमी लाल पेन्सिलीनं वेढायच्या. मी ती कडेनं नीट कापायची, वहीत चिकटवायची, वर तारीख आणि पेपरचं नाव लिहायची. उरलेला पेपर रद्दीत. खळ मी घरीच करायचे, गव्हाच्या पिठाची, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालून. माझी कात्री कधी ओळीवर गेली नाही. बाईंनी एकदा त्यांच्या भाचीला फोनवर सांगितलं होतं की हिच्यासारखं कात्रण कॉलेजातल्या मुलांनासुद्धा जमलं नाही. मी ओट्याशी होते, पण ऐकलं. ते वाक्य मी किती दिवस जपलं होतं.

आतल्या खोलीत भिंतीला लागून गठ्ठे होते. जुन्या साड्यांच्या तुकड्यांत बांधलेले. प्रत्येक गठ्ठ्यावर बाईंच्या अक्षरात देशाचं नाव: नॉर्वे, फिनलंड, पोलंड, इटली, ग्रीस, पोर्तुगाल. ही नावं मी धूळ झटकता झटकता शिकले. ते तिकडच्या गावागावांतले छोटे पेपर होते. बाई तिकडे शिकायला होत्या, नंतरही दोनदा जाऊन आल्या. ओळखीच्या लोकांकडून त्यांनी एकाच आठवड्याचे पेपर गोळा केले होते. ते कशासाठी, हे मी कधी विचारलं नाही. विचारायचं मनात यायचं, पण चहाचा कप ठेवून मी परत यायचे.

एकदा त्यांनी आपणहून सांगितलं होतं. तिकडच्या काही पेपरांत एक छोटा कोपरा असतो, रोज त्याच जागी. काल आमच्याकडून हे चुकीचं छापलं गेलं, खरं असं आहे, एवढंच तिथं लिहितात. बाई म्हणाल्या, मला सगळ्या पेपरात त्या कोपऱ्याचा आदर वाटतो. मी मान हलवली आणि कप उचलला.

बाईंचं पुस्तक सहा प्रकरणांचं होणार होतं. पाच झाली होती. सहावं त्या गठ्ठ्यांवर लिहायचं होतं, आणि ते डोळे जायच्या आत व्हायला हवं होतं. हे मला माहीत होतं, कारण भाची दर रविवारी पुण्याहून यायची, बाई सांगायच्या ते लिहून घ्यायची, आणि जाताना प्रत्येक वेळी हेच बोलणं निघायचं. पुढच्या दोन महिन्यांत बाईंनी गठ्ठे उघडून, भिंगावर भिंग धरून, हव्या त्या बातम्यांना लाल खुणा केल्या.

मग डोळ्यात इंजेक्शन घ्यायला भाची त्यांना आठ दिवस पुण्याला घेऊन गेली. जाताना बाई म्हणाल्या, लाल खुणांची पानं तेवढी बाजूला काढून ठेव, आले की बसू.

मला वाटलं, नुसती काढून काय ठेवायची. बाई येतील तेव्हा सगळं तयार दिसावं. म्हणून मी नव्या दोन वह्या आणल्या, खळ शिजवली आणि बसले. सकाळी सुरू करायचे ते दुपारी जेवायला उठायचे. नॉर्वेचा कागद जाड, ग्रीसचा पिवळा आणि ठिसूळ. अक्षरं तर एकेका देशाची वेगळीच. प्रत्येक कात्रणाच्या वर मी देशाचं नाव लिहिलं, आकडे बघून तारीख लिहिली. इतकं सुबक काम मी आयुष्यात केलं नव्हतं. कात्रणांच्या जागी खिडक्या पडलेली उरलेली पानं मी घडी करून ठेवली.

माझी जाऊ पंचवटीत फुलं विकते. आमच्या घरची शेवंती आणि झेंडू. प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद झाल्यापासून तिला पुड्यांना कागद पुरत नाही. बाईंची रद्दी मी नेहमी तिलाच द्यायचे, बाईंना ते ठाऊक होतं. तो कागदही मी दिला. दोन पिशव्या भरून, संध्याकाळी जाता जाता.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून बाईंचा फोन आला. आवाज बरा होता. इंजेक्शन दुखलं नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पानं काढलीस ना? घडी नको घालूस, आहेत तशी आडवी ठेव. कुठल्या पानावर बातमी कुठं बसलीय, तिच्या शेजारी काय आहे, तेच मला बघायचंय. बातमी काय, ती सगळीकडे एकच आहे."

मी "हो बाई" म्हटलं.

फोन ठेवला आणि वह्यांकडे बघत राहिले. खळ अजून ओली होती, पानं फुगली होती.

दुसऱ्या दिवशी मी पंचवटीत गेले. ठरवून गेले होते की जावेला सांगायचं, तो कागद परत दे. जाऊ टोपल्यामागे बसलेली, पुढे गिऱ्हाइकांची गर्दी, कारण मंगळवार होता. तिच्या मांडीजवळ माझी एक पिशवी रिकामी पडली होती, दुसरी अर्धी भरलेली.

"आज कशी काय वाट चुकलीस?" ती म्हणाली. "आलीस ते बरं झालं, बस, हात लाव. तुझ्या बाईचा कागद लय भारी हाय. वल्ला झाला तरी फाटत नाय. मधी भोकं कशाला पाडली तिनं?"

शेजारच्या फुलवाल्या हसल्या. एक म्हणाली, शिकल्या-सवरल्याची घरं, उंदीर बी पुस्तकंच खात असतील. परत त्या हसल्या. बोलायचं तर सांगावं लागलं असतं की मी बाईंची मोलाची वस्तू रद्दी समजून दिली, आणि सगळ्यांसमोर पिशवी उचलून न्यावी लागली असती. मी बसले. जाऊ फुलं मोजून द्यायची आणि मी पुडा बांधायची. ओल्या झेंडूचा रंग कागदाला लागायचा, गिऱ्हाईक पुडा घेऊन देवळाकडे जायचं. असे किती पुडे मी माझ्या हातानं बांधले. एका पानावर समुद्राकाठी टोपी घातलेली बाई हसत होती, तिच्या शेजारी माझ्या कात्रीनं पाडलेली चौकोनी खिडकी. तेही पान मी गुंडाळलं. एका म्हाताऱ्यानं ते नेलं.

निघताना जावेनं बाईंच्या देवांसाठी शेवंती दिली. त्या पुड्याचं एक पान माझ्याकडे आलं. ते मी वाळवलं, घडी केली आणि माझ्या घरी पत्र्याच्या पेटीत साडीखाली ठेवलं. उघडून पाहिलं नाही.

बाई परत आल्या त्या दिवशी मी वह्या त्यांच्या हातात दिल्या. दुसरं काय करणार होते. त्यांनी पान उलटलं, बोटांनी कात्रणाची कड चाचपली, पुढचं पान, त्याच्या पुढचं.

"बाकीचे कागद?"

"रद्दीत गेले," मी म्हटलं.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, चहा टाक. चहा घेताना त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं, विद्यार्थ्याला सांगावं तसं. त्या आठवड्यात समुद्रात एक बोट बुडाली होती. दुसऱ्या देशांतून जीव वाचवायला निघालेली माणसं होती तिच्यात. बातमी सगळ्या देशांत छापली गेली. कुठं पहिल्या पानावर, कुठं आत कोपऱ्यात, कुठं पोलिसांच्या बातम्यांत, कुठं सहलीच्या जाहिरातीला चिकटून. एका देशात पेपराला सरकार पैसे देतं तरी पेपर सरकारला धारेवर धरतो. दुसरीकडे पेपर एखाद्या पक्षाचा, तिसरीकडे कारखानदाराचा. पेपर कुणाचा आहे हे तो कधी सांगत नाही, बाई म्हणाल्या, पण त्यानं बातमीला कुठं बसवलंय ते बघितलं की कळतं. मोठे पेपर संगणकावर मिळतात. हे लहान गावांतले, त्यातले काही तर बंद पडलेले. ते पुन्हा गोळा करायला दोन-तीन वर्षं जातील.

दोन-तीन वर्षं त्यांच्या डोळ्यांकडे नव्हती.

तेव्हा मी पहिल्यांदा आपणहून बोलले. म्हटलं, "बाई, मला चित्रं आठवतात. एकात टोपीवाली बाई होती, समुद्राकाठी. बातमी तिच्या अगदी शेजारी होती."

त्या एकदम सरळ बसल्या. "कुठल्या देशाचा पेपर?"

मला आठवेना. खूप आठवून पाहिलं. बाईंनी कोरे कागद काढले, म्हणाल्या, जे आठवतंय ते चौकटी आखून दाखव. मी आखलं. इथं बातमी, इथं मोटारीचं चित्र, इथं फुटबॉल खेळणारे, खाली हवेचा नकाशा. चार दिवस आम्ही रोज दुपारी बसलो. बाई कधी विचारायच्या, बातमीवरचा मथळा जाड होता का. मी सांगायची. सात पानं झाली. देश मात्र फक्त दोन पानांचे सांगता आले, तेही खात्रीनं नाही. टोपीवाल्या बाईचं पान आखून झालं तेव्हा बाईंनी ते हातात धरून डोळ्यांजवळ नेलं, मग खाली ठेवलं.

"हे खरं आहे, मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण हे मला छापता येणार नाही गं. आठवणीवर असलं काम उभं राहत नाही."

त्या रविवारी भाची आली. बाईंनी तिला सांगितलं, पुस्तक पाच प्रकरणांचंच करायचं. सुरुवातीला एक टीप घालायची की शेवटच्या प्रकरणाचे मूळ पेपर लेखिकेच्या निष्काळजीपणामुळे नष्ट झाले. भाचीनं लिहिता लिहिता माझ्याकडे बघितलं. मी दारात उभी होते. ती म्हणाली, मावशी, पण तुझ्या हातून कुठे... बाई म्हणाल्या, "हिला काय सांगायचं ते मी नीट सांगितलं नाही. चार वर्षं घरात आहेत ते कागद, एकदा तरी सांगायला हवं होतं. लिही."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. कागद रद्दीत गेले नव्हते, फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशीही अर्धी पिशवी शिल्लक होती, आणि मी तिथं बसून ती संपवली, हे सगळं ओठांपर्यंत आलं होतं. भाचीनं वही मिटली, मी ताटं घ्यायला आत गेले.

पुस्तक निघालं तेव्हा बाईंना दिसत नव्हतं. त्यांनी ते हातात घेतलं, जाडी बोटांनी मोजली आणि हसल्या. पुढच्या थंडीत त्या गेल्या. आदल्या आठवड्यापर्यंत मी रोज सकाळी त्यांना मराठी पेपर वाचून दाखवायची, अडखळत. बातमी संपली की त्या विचारायच्या, कुठं आहे ही, वर की खाली, शेजारी काय आहे. मी सांगायची. तेवढं मला आता नीट सांगता येत होतं.

घर रिकामं करताना भाचीनं मला दोन्ही वह्या दिल्या. तिला त्यांचा उपयोग नव्हता. मी घरी येऊन पेटीतलं पान काढलं आणि पहिल्यांदा उघडलं. टोपीवाली बाई त्यात नव्हती. शेवंतीचा पिवळा डाग, बँकेची जाहिरात, एक लग्नाचा फोटो, आणि मधोमध खिडकी. मी वहीतली कात्रणं एकेक करून त्या खिडकीवर धरून पाहिली. बारावं बसलं. वर माझ्याच अक्षरात लिहिलंय, पोर्तुगाल.

एवढं एक पान मी बाईंना देऊ शकले असते. पेटी माझ्या उशाशी होती आणि बाई मला विचारत होत्या, कुठल्या देशाचा. त्यांच्या पुस्तकात लिहिलंय की पेपर त्यांच्या निष्काळजीपणानं गेले. ते चुकीचं छापलं गेलं आहे. ते माझ्याकडून गेले, आणि अर्धी पिशवी तर मला कळल्यावर गेली. कात्रण मी पाण्यानं भिजवून वहीतून सोडवलं आणि मागून पट्टी लावून त्या खिडकीत बसवलं. लग्नाच्या फोटोखाली, बँकेच्या वर. आता ते होतं तिथं आहे.