आजाऱ्याचं फळ

सुखदेव अंथरुणाला खिळला आणि द्वारकाच्या घरात सफरचंदं यायला लागली. दिवसही त्यांचेच होते. पाऊस सरला होता, जयपूरची सकाळची हवा जरा गार वाटत होती, आणि शास्त्री नगरात जिकडे बघावं तिकडे ठेल्यांवर लाल ढीग लागले होते. भेटायला येणारा प्रत्येक जण त्यातलाच एक किलो उचलून आणी. आजाऱ्याच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही आणि न्यायचं ते सफरचंदच, असा जणू सरकारी हुकूमच निघाला होता. सुखदेवच्या बरोबरचे फिटर आले, क्लार्क आले, ज्यांच्याशी त्याचं वर्षानुवर्षं वाकडं होतं तेही आले. पिशवी ठेवायची, खुर्चीच्या कडेवर टेकायचं, सुखदेवकडे न बघता भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे बघत चहा प्यायचा आणि जाताना दारात द्वारकाला हळूच म्हणायचं, "भाभीजी, हिम्मत रखना." ही हिंमत कुठल्या ठेल्यावर मिळते तेवढं मात्र कुणी सांगत नसे.

सुखदेव रेल्वेत डब्यांचा फिटर. हिंगणघाटकडचा गडी, बदली होऊन आला आणि जयपुरातच रुजला. गाडी फलाटाला लागली की हातोडी घेऊन चाकं ठोकत जायचं आणि आवाज ऐकून पुढे सरकायचं, हे त्याचं काम. घरातही तीच सवय. भाजी कशी झालीय विचारलं तर आधी बोटाने चेपून बघणार, मग तोंडात घालणार, मग विचार करणार. द्वारका चिडून म्हणायची, "डबा नाई तो, भाजी आहे जी!" आता तोच माणूस समोर ठेवलेल्या वाटीकडे ढुंकून बघत नव्हता.

आतड्यात गाठ होती. ऑपरेशन करायचं हे ठरलेलं होतं, पण डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. अंगात काही उरलेलंच नाही, भूल देऊ कशी, असं त्यांचं म्हणणं. "पहले इनको खिलाइए," ते म्हणाले, आणि सुखदेवला बाहेर बसवून द्वारकाला एकटीला सांगितलं, की दिवाळीच्या आत वजन वाढलं तर ठीक, नाहीतर मग उघडण्यात अर्थ नाही. द्वारका त्याला रिक्षात बसवून घरी घेऊन आली. नवऱ्याचा जीव आता आपल्या चुलीवर आहे, एवढंच तिला कळलं होतं.

मग तिने पदर खोचला. घरात सफरचंदांना तोटा नव्हता. किसून तुपावर परतून शिरा केला. दालचिनी घालून वाफवली. दुधात आटवून खीर केली, पाक करून मुरंबा घातला, दह्यात कालवून कोशिंबीर केली. सुखदेव चमचाभर घेई, तोंडात फिरवत राही आणि रुमालात काढी. कधी तेवढंही नाही. "घ्या ना जी, दोन घास," ती विनवायची, रागवायची, हात जोडायची. तो म्हणे, "ठेव. मागून पायतो." मागून तो काहीच पाहत नसे. गंजीच्या बाहेर त्याची गळ्याची हाडं रोज जरा जास्त दिसायला लागली. द्वारका मोरीत भांडी घासताना रडायची, कारण नळाच्या आवाजात ऐकू जात नाही.

मुलगी सुरुची कॉलेजला होती. जयपुरातच वाढलेली, तिचं मराठी अर्धं हिंदीत बुडवलेलं. एका सकाळी आई फोडी करत असताना ती खाटेजवळ उभी राहून म्हणाली, "आई, तू एक पण तुकडा खात नाहीस. मतलब, इतके दिवस झाले, चाखत पण नाहीस?"

"मले काय झालं सेब खायले?" द्वारका सुरी न थांबवता म्हणाली. "मी चांगली धडधाकट आहे."

खाटेवर सुखदेव कूस बदलून भिंतीकडे वळला. त्या दिवसापासून तो चमचाभरही घेईना. द्वारकाला वाटलं, दुखणं वाढलं. तिने शिऱ्यात तूप वाढवलं.

दसरा आला. दर वर्षी या दिवशी सुखदेव नागपूरला दीक्षाभूमीवर असायचा, पासावर, पांढऱ्या शर्टात, गर्दीत ढकलाढकली करत. या वर्षी पांढरा शर्ट त्याला घरीच घातला, तर तो खुंटीवर टांगल्यासारखा दिसला. द्वारकाने तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, तिघांनी वंदना म्हटली, आणि सुखदेवचा आवाज मधेच बंद पडला.

त्या दिवशी केक करायचा असं सुरुचीनेच ठरवलं होतं. दुर्गापुऱ्याच्या सुमनकाकू, विमा कंपनीतल्या साहेबांच्या बायको, त्यांनी तिला कुकरमधला केक शिकवला होता. शिट्टी काढायची, रबर काढायचं, तळाला वाळू पसरायची आणि वर भांडं ठेवायचं. गल्लीत कुणाचं तरी बांधकाम चाललं होतं, तिथून वाळू आणली, चाळली. सफरचंदं किसून, रवा-मैदा, अंडी, साखर घालून भांडं चढवलं. खालून जरा करपलं, पण घरभर असा काही वास सुटला की शेजारीण दारात डोकावून गेली. द्वारकाच्या मनाने उचल खाल्ली. हा केक तरी तो खाईल. तिने गरम तुकडा बशीत घातला आणि त्याच्या तोंडाशी नेला.

सुखदेवने बशी हाताने मागे सारली. जोर नव्हताच हातात, तरी तुकडा खाली पडला.

"काऊन असं करता?" द्वारकाचा बांध फुटला. "काऊन नाई खात? मी काय करू आता? सांगा तरी!"

"तुले माईत नाई?" सुखदेव म्हणाला. त्याला दम लागत होता. "आमच्या घरी सेब एकदाच आलं होतं. माय शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा. बाबानं बजारातून एकच आणलं, रुमालात बांधून. आमाले पोरायले कोणी हात लावू देला नाई. माय गेली त्याच हप्त्यात. पूर्ण वस्तीले समजलं होतं ना, आमच्या घरी सेब आलं म्हून." तो थांबला. "अन् तू रोज आणून ठेवतं. खाटेखाली सेब, उशाशी सेब. सोता मात्र धडधाकट आहेस."

द्वारका जागच्या जागी बसली. तिला माहीत होतं. तिचंही माहेर त्याच मुलखातलं. तिच्याही घरी सफरचंद म्हणजे दवाखान्याचं फळ, निरोपाचं फळ. धडधाकट माणसाने ते खाणं म्हणजे भलतंच काही. जयपुरात इतकी वर्षं ठेल्यासमोरून जाताना तिने केळी घेतली, पेरू घेतले, सफरचंद कधी घेतलं नाही, आणि का घेतलं नाही हे स्वतःलाही कधी विचारलं नाही. महिनाभर ती नवऱ्याला जगवायला धडपडत होती आणि रोज ताटात वाढून त्याला सांगत होती, की तू चाललास. लाज वाटली तिला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. कारण त्याने बरोबर ओळखलं होतं. आतून तिनेही तेच धरून ठेवलं होतं.

ती उठली. खाली पडलेला तुकडा उचलला, फुंकला आणि स्वतःच्या तोंडात घातला.

सुरुची बघत राहिली. सुखदेवही. द्वारका चावत होती. आयुष्यात पहिल्यांदा ती सफरचंद खात होती आणि चव कसली लागतेय याचा तिला पत्ता नव्हता. तिने दुसरा तुकडा कापला, तोही खाल्ला. सुरुचीच्या हातात एक कोंबला. "खा," ती म्हणाली. "सणाचं आहे."

मग खाटेवरून आवाज आला. "कसं लागते?"

"बेकार," द्वारका म्हणाली. "खालून जयलं."

"दे बरं इकडं. पायतो."

त्याने तुकडा हातात घेतला. उलटा करून करपलेली बाजू बघितली, बोटाने चेपली, आणि कोपरा मोडून तोंडात टाकला. सावकाश चावला. गिळला. रुमालाकडे हात गेला नाही. मग द्वारकाकडे बघत तो थांबून राहिला.

द्वारकाने घाईघाईने आणखी एक घास घेतला. तेव्हा त्यानेही दुसरा कोपरा मोडला. तिचा घास खाली उतरत नव्हता, पण ती चावत राहिली. ती थांबली असती तर तोही थांबला असता.