डोकं खाली सोडणारा

दुसरं महायुद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली होती. सांगलीच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर वडूजकडचा एक मेंढका होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. न्युमोनियावर आम्हाला दर तीन तासांनी पेनिसिलिनची सुई टोचत. दोन दिवसांत माझा ताप उतरला, तसा मला खाटेवर दम निघेना. ऊस तोडीला आला होता. सारखा उठायचो, दारापर्यंत जायचो, परत यायचो.

तो मात्र दिवसातून तीनदा पटका काढून पालथा पडे, हात फरशीला टेकून डोकं खाटेच्या कडेवरून खाली सोडी आणि खोकून छातीतला पू भांड्यात काढी. तशातही म्हणे, “टाचा वाजल्या, नर्सबाई आली सुई घिऊन!”

डॉक्टरांनी मलाही तसंच लटकायला सांगितलं. मी म्हणालो, “आमी कुणाफुडं डोकं खाली घालत न्हाई. ताप गेला, मी चाललो.”

तो तोंड पुसत हसला. “आवं पाटील, लांडगा मारला म्हून मेंढरांभवतीची फाटल्याली जाळी सांधती व्हय? सुईनं लांडगा मेला. छातीतली भोकं तशीच हायती, त्यात पू साचतोय. मागल्या साली मी बी असाच पळालो. आता जलमभर लटकायचं.”

मी बोचकं उचललं. पायऱ्यांवरच धाप लागली, खाली बसलो. परत आलो तेव्हा त्यानं भांडं माझ्याकडं सरकवलं आणि भिंतीकडं तोंड करून निजला.

मग मी डोकं खाली सोडलं.