पुंडलिकरावांचा एकांतवास

पुंडलिक चुरी यांनी बोईसरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळता सांभाळता दोन पुस्तकं लिहिली. पहिलं जुन्या तुरुंगांवर, दुसरं अंतराळ मोहिमांवर. पहिलं पाहून लोकांनी हळूच विचारलं, घरातलं कोणी आत होतं का. दुसऱ्याबद्दल कोणी काही विचारलं नाही. निवृत्तीनंतर त्यांनी तिसऱ्या पुस्तकात दोन्ही विषय एकत्र घेतले. कोठडीतला कैदी आणि यानातला अंतराळवीर, दोघंही इवल्याशा जागेत अडकलेले.

पालघरच्या प्रकाशक अर्चनाताईंनी हस्तलिखित वाचलं. "शेवटचं प्रकरण ऐकीव वाटतं. तुम्ही स्वतः एकटे राहून बघा आणि मग लिहा. जमलं तर छापते."

पुंडलिकरावांनी वाडीतली चिकू ठेवायची खोली झाडून घेतली आणि आतून कडी लावली. आठवडाभर कोणाशी चकार शब्द बोलायचा नाही, बोललं तर प्रयोग बाद. जेवणाचं ताट पत्नी सुलू खिडकीतून देणार.

त्यांच्या आळीत मात्र नवरा चिकूच्या खोलीत जाऊन बसला की बायकोशी बिनसलं, असंच धरतात. मग शेजाऱ्यांनी समेट घडवायचा, हा रिवाज. दुसऱ्या दिवशी सकाळी आळीतले वडीलधारे तात्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. मागे शेजारीपाजारी जमले.

"ते पुस्तकासाठी बसलेत, तात्या," सुलू म्हणाली.

"झाकू नको. सगळ्यांच्या घरात होतं. तुजं म्हणणं काय हाय ते बोल."

सुलू विचारात पडली. इतक्या वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

"जेवायला बसले की चंद्रावर पोचतात. कालवण कसं झालं ते कधी सांगत नाहीत."

"पुंडलिक, यापुढं सांगशील ना?" आतून उत्तर आलं नाही. "गप हाय, म्हंजे कबूल."

सुलूने पदर खोचला. "माझ्या माहेरी येत नाहीत."

"पुंडलिक?" शांतता. "कबूल."

पलंगाखालचे पुस्तकांचे गठ्ठे हलवणं कबूल झालं. सकाळचा चहा त्यांनी करणं कबूल झालं. आत पुंडलिकराव घामाघूम झाले होते, पण अर्चनाताईंचं 'छापते' आठवून त्यांनी ओठ घट्ट मिटले.

शेजारच्या मैनाबाई म्हणाल्या, "सुलू, ती मिशी पन काढून घे. तेवढीच ऱ्हायलीय."

"मलाही ती कधीपासून खुपते," सुलू म्हणाली.

"काय पुंडलिक, मिशी काढशील?" तात्यांनी वाट पाहिली. मग ते 'कबूल' म्हणणार, इतक्यात दाराआडून आवाज आला.

"मिशी नाय."

"बोलला. समेट झाला," तात्या उठले. "सुलू, चाय ठेव."

"चाय त्याने करायची ठरलीय," मैनाबाईंनी आठवण करून दिली.

कडी निघाली. पुंडलिकरावांनी सगळ्यांना चहा पाजला आणि घडलं तसं लिहून काढलं. शेवटी लिहिलं, 'कैद्याला कोठडी मिळते, अंतराळवीराला यान मिळतं. आमच्या आळीत एकांत मिळत नाही.' मग पडेल चेहऱ्याने कागद पालघरला नेऊन दिले.

अर्चनाताई वाचताना दोनदा चष्मा काढून डोळे पुसत हसल्या. "हे छापते. मागच्या पानासाठी तुमचा फोटो आणा."

पुंडलिकरावांनी मिशीला तेल लावून फोटो काढून घेतला. बाकीची कलमं लागू झाली. हल्ली जेवताना ते आधी कालवणाचं कौतुक करतात आणि मगच चंद्रावर जातात.