चार कादंबऱ्या आणि पान एकवीस

बोरीवलीतल्या आमच्या लायब्ररीत खुर्ची एकच, आणि तिच्यावर परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा. त्यामुळे येणारा प्रत्येक जण उभ्यानेच बोलतो, आणि उभ्याने बोलणारा माणूस लवकर निघत नाही! किस्से असे साठत गेले. मी पीएच.डी. झालेला निवृत्त प्राध्यापक. तरी ते मला धड सांगता येतील की नाही, शंकाच आहे.

*

शैलाताई देवरुखच्या. तिथे संसार करता करता त्यांनी बायकांसाठी चार कादंबऱ्या लिहिल्या. आता मुलाकडे बोरीवलीला असतात. पहिल्या भेटीत काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "कौटुंबिक कादंबऱ्या मी फारशा वाचत नाही." म्हणालो आणि मलाच घाम फुटला.

"हरकत नाही सर," त्या म्हणाल्या. "कुटुंबं तरी कुठे वाचतात? बायका वाचतात!"

*

देवरुखला त्या दुपारी पाठकोऱ्या कागदांवर लिहायच्या. सासूबाईंनी एकदा विचारलं, "एवढं काय लिहितेस गं?"

"वाण्याची यादी."

पहिली कादंबरी छापून घरी आली. सासूबाईंनी ती हातात तोलून पाहिली. "एवढी मोठी यादी, आणि गूळ राहिलाच!"

*

परबबाई आमच्या लायब्ररीतल्या सगळ्यात कडक वाचक. त्यांनी एकदा शैलाताईंना दारातच गाठलं.

"ताई, तुमची ती सुमन नवऱ्याला सोडून जाते, एकदम झकास! पण जाताना त्याचा डबा कशाला भरला?"

"अगं, भाजी चिरून झाली होती ना! फुकट घालवायची?"

परबबाईंनी क्षणभर विचार केला. "हां. ते बरोबर."

*

आमच्याकडे एक पद्धत आहे. पुस्तक वाचून झालं की पान एकवीसवर पेन्सिलीने आपली खूण करायची, म्हणजे चुकून तेच पुन्हा घरी नेलं जात नाही. परबबाईंची फुली. माझा छोटा गोल.

*

गेल्या वर्षी प्रकाशकाने शैलाताईंना कळवलं, "आता असं कोणी वाचत नाही." पाचवी कादंबरी अकराव्या प्रकरणावर थांबली. त्यातच लायब्ररीवाल्या नंदूने जाहीर केलं, वर्षभर कोणी न नेलेली पुस्तकं रद्दीत!

मी धसकाच घेतला. आपली पुस्तकं रद्दीत गेलेली पाहिली, तर बाई पुन्हा पेन हातात धरायच्या नाहीत. पुस्तकांवरच्या तारखा तपासायचाही मला धीर झाला नाही. माझ्या कार्डावर दोन आणि सुनेच्या कार्डावर दोन, अशा चारही कादंबऱ्या मी घरी नेल्या. दर पंधरा दिवसांनी रिन्यू. असे सात महिने!

मग एका संध्याकाळी पिशवी घेऊन गेलो, तर काउंटरपाशी शैलाताई, आणि शेजारी परबबाई.

"हेच ते!" परबबाई कडाडल्या. "सर, आम्ही आठ जणी नंबर लावून बसलोय, आणि ताईंची सगळी पुस्तकं तुम्ही अडवून ठेवलीत? वर म्हणता, मी वाचत नाही!"

"सरांना कसं बोलणार हो..." नंदू पुटपुटला.

मी पिशवी उघडली. पुस्तकं काउंटरवर ठेवली.

शैलाताईंनी एकेक उचलून पान एकवीस उघडलं. तीन पुस्तकांत माझा एकेक गोल होता. सुमनच्या कादंबरीत चार.

त्यांनी ती मिटून परबबाईंच्या हातात दिली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नंदू," त्या म्हणाल्या, "फुलस्केप कागद इथे जवळपास कुठे मिळतात रे?"