सासरचा सूर

आमच्या मंडळीत पोरगी लग्न होऊन गेली की तिचं आडनाव बदलायच्या आधी तिचा सूर बदलतो. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. हसेना का. त्याला कुठं आमच्यात मरायचंय?

आम्ही लूथरन ख्रिस्ती. नारायणगावाहून बोरीकडं जाताना उसाच्या आड आमचं एका खोलीचं कौलारू चर्च आहे. रस्त्यावर कुणालाही विचारा, लूथरन म्हटलं तर तो आ वासून बघेल. चार आवाजवाल्यांचं म्हटलं की लगेच बोट दाखवील. फार पूर्वी जर्मन मुलखातून एक साहेब आणि त्याची मडम इथं आली. साहेबाचे उपदेश आमच्या म्हाताऱ्यांना पुढं फारसे आठवत नव्हते, पण मडमेची गाणी एकजणही विसरला नाही. तिच्या देशातली गाणी चार आवाजांत एकदम म्हणायची असतात. कागदावरचे ते काळे ठिपके वाचणारं इथं कोण होतं? म्हणून तिनं चार घरांना चार सूर वाटून दिले. एका घरानं एकच सूर घोकायचा, म्हणजे गोंधळ नको.

माझ्या माहेराला पहिला सूर मिळाला. पहिला म्हणजे गाण्याची खरी चाल, ऐकणारा घरी जाताना जी गुणगुणतो ती. दुसरा त्याच्या खालून चालतो, तिसरा मधली जागा भरतो आणि चौथा तळाला घुमतो. पहिला काढून घेतला तर उरलेले तीन म्हणजे नुसतं कालवण, भाकरीच नाही.

पुढं मोठी लढाई लागली, जर्मन म्हणून इंग्रज सरकार साहेब-मडमेला धरून घेऊन गेलं आणि ती दोघं परत आली नाहीत. बाईनं सोयीसाठी केलेली वाटणी आमच्या लोकांनी पार धर्मात नेऊन बसवली. दुसऱ्या घराचा सूर तोंडात घेणं म्हणजे दुसऱ्याच्या वावरात नांगर घालणं. बायकांचं काय, तर सून आली की तिनं माहेरचा सूर विसरायचा आणि सासूचा उचलायचा. कुणी ठरवलं हे? कुणीच नाही. पण मोडून दाखवायची कुणाची छाती झाली नाही, माझीसुद्धा.

मी आईच्या मांडीला मांडी लावून पहिला सूर शिकले. आईचा आवाज काही गोड नव्हता हो. पातळ आणि धारदार होता, विळ्यासारखा. पण कुणाचीही माती असो, थडग्याशी उभी राहून ती एकदा सूर उचलायची, की बाकीचे तीन सूर तिच्यामागून निमूट चालायचे. मातीचं गाणं आमच्याकडं वेगळं आहे. पाच कडव्यांचं, आणि ते बिनवाद्याचं म्हणायचं. आईनं ते मंडळीतल्या जवळजवळ प्रत्येकासाठी म्हटलं. माझ्या वडलांसाठीही म्हटलं, आणि एकदाही तिचा आवाज फुटला नाही. रडायची ती घरी येऊन.

माझं लग्न दुसऱ्या सुराच्या घरात झालं. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी मी सासरच्या बाकावर बसले, गाणं सुरू झालं आणि सवयीनं तोंडातून पहिला सूर निघाला. सासूनं मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. वर म्हणाली, ‘‘मीठ आमचं खातीस, अन् सूर आईचा व्हय गं?’’ पलीकडच्या बाकावर आईनं सगळं ऐकलं होतं. तिनं मान वळवली नाही. मला तेव्हा आईचा सासूपेक्षा जास्त राग आला होता.

पण माणूस कशालाही सरावतं. सासू गेली, पुढं नवरा गेला, आमची नारायणगावातली पिठाची गिरणी मी एकटी चालवू लागले आणि आमच्या घरचा सूरही माझ्या एकटीच्या गळ्यात उरला. तिसऱ्या सुराचं अख्खं घर पिंपरीला निघून गेलं. चौथ्याचे एक आबा तेवढे राहिले; पाठीतून वाकलेले, पण आवाज अजून विहिरीतून आल्यासारखा. दर रविवारी आई, आबा आणि मी. चर्चमधल्या पायपेटीचे भाते उंदरांनी खाल्ले, ते कुणी बदलले नाहीत. महिन्यातून एकदा पुण्याहून पाळकसाहेब यायचे, आमच्या तिघांसमोर उभे राहायचे आणि ‘प्रिय मंडळी’ म्हणायचे.

गेल्या पावसाळ्यानंतर आई अंथरुणाला खिळली. मी गिरणी बंद करून जीपनं तिच्याकडं जायचे, तिला पेज भरवायचे. एकदा पेजेची वाटी बाजूला सारून ती म्हणाली, ‘‘माज्या टायमाला पयला सूर कोण म्हणल गं?’’

‘‘गप बस,’’ मी खेकसले. ‘‘एवढ्यात काय मरत न्हाईस तू.’’

‘‘मरणाचं न्हाई इचारलं मी. सुराचं इचारलं.’’

नियमानं तो सूर माझ्या भावजयीचा. भाऊ धाकटा, पुण्यात नोकरीला. ती दोघं तिकडच्या मोठ्या चर्चमध्ये जातात, तिथं गिटार असते, ड्रम असतात, गाण्याचे शब्द भिंतीवर उमटतात. नाताळाला ती आली तेव्हा आईनं तिला जवळ बसवून शिकवायला घेतलं. पोरगी वाईट नाही. तिनं मनापासून प्रयत्न केला, पण दीड कडव्यातच तिचा घसा बसला. मग तिनं मोबाईल काढला. ‘‘आई, तुम्ही म्हणा, मी रेकॉर्ड करते. घरी जाऊन शिकते.’’

आईनं तोंड मिटून घेतलं. ‘‘मोबाईलात घालून काय करू? गळ्यात घाल म्हणती मी.’’

चार दिवसांनी मुलांच्या शाळा सुरू होणार म्हणून ती पुण्याला परतली. नातवंडांना तर यातलं काहीच ठाऊक नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

भावजय परतली त्या दिवशी मी आईला म्हटलं, ‘‘मी म्हणीन.’’

‘‘अन् दुसरा कोण म्हणल?’’

‘‘जाऊ दे खड्ड्यात तो दुसरा. दुसऱ्यावाचून गाणं अडत न्हाई, पयल्यावाचून अडतं.’’

मला वाटलं, आता आई नियम सांगेल. पण तिनं माझा हात धरला. सुकलेल्या शेंगेसारखी बोटं झाली होती तिची. ‘‘म्हण,’’ एवढंच ती बोलली. अख्ख्या आयुष्यात तिनं मंडळीचा मोडलेला हा एकच नियम, आणि तो माझ्या भरवशावर मोडला.

मग मी गिरणीत सराव सुरू केला. मोटर लावली की आपला आवाज आपल्यालाच काय तो कळतो. जात्याच्या घरघरीत पहिला सूर सापडायला मला वेळ लागला नाही. लहानपणीचं ते, कुठं जातंय? दळण घेऊन आलेल्या बाया म्हणायच्या, ‘‘काय मावशी, लई खुशीत दिसताय!’’ मी म्हणायचे, ‘‘व्हय बाई, लई खुशीत.’’ पाचही कडवी मला सरळ येऊ लागली. आईला मी तसं सांगितलं. त्या रात्री ती शांत झोपली, असं तिच्या सोबतीला झोपणारी शेजारीण म्हणाली.

आई द्राक्षं उतरायच्या दिवसांत गेली.

आमचं कबरस्तान कालव्याच्या अंगाला, तिन्ही बाजूंनी ऊस. बिबट्याच्या भीतीनं दिवसाउजेडीच उरकावं लागतं, म्हणून भाऊ पोचल्या पोचल्या आम्ही निघालो. गावातली माणसंही पुष्कळ आली होती. आईनं त्यांच्या सुनांची बाळंतपणं काढली होती. शवपेटी खाली ठेवली. पाळकसाहेबांनी वाचन केलं, मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, ‘‘ताई, तुमचं ते गाणं आता जमणार नाही ना? सगळ्यांना येणारं एखादं साधं भजन घेऊ या.’’

‘‘जमणार हाय,’’ मी म्हटलं. ‘‘तिला शब्द दिलाय मी.’’

आबा नेहमीप्रमाणं माझ्या डाव्या हाताला येऊन उभे राहिले. त्यांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, की आज पहिला मी घेणार. त्यांनी मान हलवली होती. पटून की नाइलाजानं, देव जाणे. मी श्वास घेतला. आबांचा खालचा सूर कानाशी घुमला, जसा गेली कित्येक वर्षं घुमतोय, आणि मी तोंड उघडलं.

दुसरा सूर निघाला.

मी थांबायला हवं होतं. थांबता येईना. आबा पुढं चालले होते आणि माझा गळा त्यांच्या जोडीनं चालला होता. आबा कानाशी आले की गळ्यानं दुसरा धरायचा, एवढंच त्याला ठाऊक. दुसऱ्या कडव्याला मी डोळे मिटले, आईचा चेहरा आठवला, गिरणी आठवली. पुन्हा दुसराच. तिसऱ्याला मी जोर लावून वर गेले तर नुसती हवा आली. वर आईची जागा मोकळी होती, आणि आम्ही दोघं खालून नुसता टेकू देत होतो, कशाला ते कुणाला दिसत नव्हतं. लोक एकमेकांकडं बघायला लागले. मागं एक बाई दुसरीला म्हणाली, ‘‘रडती हाय का गाती हाय?’’

पाची कडवी तशीच झाली. चाल नसलेलं गाणं ऐकत माझी आई मातीत गेली. मूठमाती देताना भावजय माझ्याजवळ आली. ‘‘ताई, हे तेच गाणं होतं का? आई मला शिकवत होत्या ते? ओळखूच आलं नाही.’’ तिला काही टोचून बोलायचं नव्हतं, तिनं भाबडेपणानं विचारलं. मला तिथंच बसावंसं वाटलं. आबा काठी टेकत निघाले, माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘‘चल पोरी, उसात अंधार पडतोय.’’

चौथ्या दिवशी मी गिरणी उघडली. एक आजोबा ज्वारीचा डबा घेऊन बसले होते. मोटर लावली, पट्टा फिरला, पीठ पडू लागलं, आणि काही मनात नसताना माझ्या घशातून पहिला सूर बाहेर आला. पहिल्या कडव्यापासून शेवटच्यापर्यंत, एकही जागा न चुकता. आईचाच आवाज, विळ्यासारखा.

मी जात्यावर थाप मारली. ‘‘मेल्या, आत्ता आलास व्हय?’’

आजोबा दचकून उठले. ‘‘कोण आलं गं बाई?’’

‘‘कुणी न्हाई,’’ मी म्हटलं, आणि त्यांचा डबा भरून दिला.