एका प्रश्नाचा सराव

माझी शाळा चौथीपर्यंत झाली आणि चारचौघांत बोलायला मला अजून लाज वाटते. हे कुणाला दाखवायचं नाही, म्हणून मोकळेपणानं लिहिते आहे.

लोकांच्या मनाचं दुखणं ऐकायच्या कामाला मला निवडलं, तेव्हा घरात सगळ्यात आधी माझी मोठी जाऊ हसली. "माय वं! शेजारणीले मीठ मागायले हिच्या तोंडातून शब्द निंघत नाई. हे काय विचारन लोकाईले?"

जावेचं खरंच होतं. तरी ताईंनी मला घेतलं. ताई यवतमाळच्या. बोलून मनाचा उपचार करण्याचं शिक्षण त्यांनी घेतलं होतं. कापसाची ती वर्षं वाईट होती. बोंडात अळी, बाजारात भाव नाही, आणि गावोगाव माणसं आतून खचत चाललेली. एकट्या ताई कुठंकुठं पुरणार? म्हणून त्या आम्हा काही बायकांना राळेगावला बोलावून शिकवत. खचलेल्या माणसाजवळ बसायचं कसं, ऐकायचं कसं, आणि त्याला दवाखान्यात नेण्याची वेळ आली हे ओळखायचं कसं.

मला वाटलं होतं, ऐकणं तर मला येतंच. जन्मभर गप्पच बसले आहे. पण पहिल्याच सरावात फजिती झाली. आमच्यातली एक बाई दुःखी झाली आणि मी ऐकणारी. ती नुसतं "माह्या लेकीचं..." म्हणाली आणि मीच रडायला लागले. आमच्याकडे रीतच आहे, दुःखाच्या घरी गेलं की उंबऱ्यातच गळा काढायचा. शेवटी त्या दुःखी बाईनंच पदरानं माझे डोळे पुसले. सगळ्या पोट धरून हसल्या. ताईही हसल्या. मग म्हणाल्या, "आता पुन्हा. बाकी काही करू नका. तिचं वाक्य संपेपर्यंत फक्त मान वर ठेवा."

पुन्हा केलं. मान खाली गेली. पुन्हा केलं. ताई म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसता खऱ्या, पण ऐकत नाही, लपता. समोरच्याला वाटतं, हिला माझं सोसवत नाही." मला फार लागलं ते. पण बसमधून घरी येताना खिडकीबाहेर बघत मी मान वर ठेवायचाच सराव करत होते.

एकदा ताईंनी आपलीच टेप लावली. त्यांच्याकडे येणाऱ्या एका माणसानं ती शिकवायला वापरू दिली होती. तो माणूस काहीतरी सांगू लागतो, ताई घाईनं धीर देतात, आणि तो बोलायचा थांबतो. ताईंनी टेप बंद केली. "इथं चुकले मी. इतकी वर्षं काम केलं म्हणून ही चूक आपोआप गेली नाही. मी अजून माझ्या सरांना हे ऐकवते आणि एकच जागा धरून घोटते." मग एकीला तो माणूस बनवून त्यांनी आमच्यासमोर तेवढीच जागा कितीदा तरी करून दाखवली. चुका आम्ही काढायच्या. एवढी शिकलेली बाई आमच्यासमोर चुकत होती, हसत होती, पुन्हा करत होती. चुकताना लाज वाटायलाच पाहिजे असं काही नाही, हे मला तेव्हा कळलं.

जावेला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग? वेचणीचं बी तसंच. आपली सासू जलमभर कापूस वेचते, अन् ओटीत कापसापरीस पालाच जास्त. तिले कोनं टोकलंच नाई कधी. तुले मी टोकतो, पाहय."

तशी ती माझी सरावाची जोडीदार झाली.

त्याच हंगामात आमच्या वेचणीच्या टोळीतली एक बाई कामावर यायची थांबली. आमच्या पलीकडच्या गल्लीत तिचं घर, म्हणून सगळ्या तिला पलीकडची म्हणायच्या. तिचा नवरा गुजरातेत जिनिंगच्या कारखान्यात कामाला गेला आणि त्याचा काही निरोपच येईना. शेतातली कापसाची पऱ्हाटी अळीनं खाल्ली. ती अंघोळ करीना, जेवीना. मग कळलं की तिनं आपली चांगली लुगडी बहिणीला देऊन टाकली. जायच्या तयारीतलं माणूस असं वाटून टाकतं, हे ताईंनी शिकवलं होतं. मी ताईंना फोन लावला.

"तिला विचारलं का तुम्ही?"

"काय?"

"मरून जावंसं वाटतं का."

आमच्याकडे घरात असलं बोलत नाहीत. वास्तू तथास्तु म्हणते. आम्ही बौद्ध, वास्तुदेव वगैरे मानत नाही, तरी माझ्या आईनं घरात मरणाचा शब्द कधी काढू दिला नाही. पलीकडचीच्या घरी रोज बायका जात, देव आहे म्हणत, दिवस जातील म्हणत. तेवढं एक सोडून सगळं बोलत.

ताई म्हणाल्या, "विचारल्यानं कोणी मरत नाही. ज्याच्या मनात आहे त्याला उलट बोलायला वाट मिळते. मी पुसदला आहे, उद्या पोचते. पण उद्यापर्यंत थांबू नका. आत्ता तोंडात शब्द बसवा आणि जा."

मी थेट शेतात गेले. जाऊ वेचत होती. तिच्या बाजूची ओळ धरली आणि सुरू केलं.

"तुले... तसं काही वाटते काय?"

"कसं? भजे खावंसं? हो, लई वाटते."

"मस्करी नको करू वं."

"मंग सरळ बोल."

"तू मरायचं-बिरायचं मनात नाई ना आणत?"

"नाई." जावेनं बोंडातला कापूस कमरेच्या ओटीत टाकला. "आता मी नाईच म्हणन. तूच आधी घाबरून राह्यली, तर मी कायले सांगू?"

मी पुन्हा विचारलं. शब्द बरोबर आले, पण डोळे पऱ्हाटीवर.

"बोंडाले विचारते का मले?"

हात थांबवला. तिच्याकडे पाहिलं. "बाई, तुले मरून जावंसं वाटते काय?"

जाऊ ओळीतच खाली बसली. मग हळूच म्हणाली, "मागच्या साली वाटलतं. कोनं विचारलंच नाई."

मी मान खाली घातली नाही. तिला जेवढं सांगायचं होतं तेवढं ऐकलं. मग पदरानं तोंड पुसून तिनंच मला ढकललं. "आता नाई वाटत, खरं सांगतो. आता जमलं तुले. चाल, मी बी येतो."

पलीकडची भिंतीला टेकून बसली होती. पलीकडचीच्या लहान लेकीला घेऊन जाऊ अंगणात थांबली. मला पाहून पलीकडची म्हणाली, "चहा मांडतो."

"चहा नको. तुह्यासाठीच आली मी." जवळ बसले. जिभेला आता वाट ठाऊक होती. "तुले मरून जावंसं वाटते काय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिनं कुणाकडे तरी पाहिलं असावं.

"हो," ती म्हणाली.

घर काही तथास्तु म्हणालं नाही. बाहेर जाऊ पोरीशी बोलत होती, तेवढाच आवाज. मग पलीकडची बोलायला लागली आणि ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत बोलत राहिली. मी रडले नाही. धीरही दिला नाही. ती थांबली तेव्हा थांबले. शेवटी विचारलं, "फवारणीचं औषध घरात हाये काय?" तिनं कोपऱ्याकडे बोट केलं. "मी घेऊन जाऊ?"

"ने," ती म्हणाली. "ने बाई. माह्या नजरेसमोर नको."

मी तो औषधाचा डबा बाहेर आणून जावेच्या हातात दिला. आनंदानं मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, तो माझा स्वभाव नाही, पण वाटलं.

ताई येईपर्यंत आम्ही दोघी पाळीपाळीनं तिच्याजवळ राहिलो. ताई आल्यावर यवतमाळच्या दवाखान्यात गेलो. औषधं सुरू झाली, ताईंचं येणं सुरू झालं. लगेच काही बदललं नाही. मधे वाईट दिवसही आले, आणि त्या दिवसांत तिनं स्वतः मला बोलावून घेतलं.

पुढच्या वेळी राळेगावला मी सगळ्यांसमोर उभी राहून हे सांगितलं. ताईंनी पाठीवर हात ठेवला. "फार छान केलंत. आता तुमचा आवाज वाक्याच्या शेवटी बारीक होतो, त्यावर काम करू." मला हसूच आलं. कौतुकापेक्षा ते जास्त आवडलं.

आज वेचणीला गेलो होतो. पलीकडची आणि जाऊ कापसानं भरलेल्या एका ओळीवरून भांडल्या.

"मी आधी धरलती हे ओळ."

"धरलती म्हणे! सातबाऱ्यावर नाव हाये का तुह्यं?"

पार बांधापर्यंत त्यांचा आवाज जात होता. मुकादम ओरडला तरी दोघींपैकी एकही थांबेना. मी ओटी सोडून तिथंच उभी राहिले आणि ते सगळं भांडण ऐकून घेतलं.